गेला त्यो गेलाच : गोष्टीत तोच शब्द परत कसा आणायचा

बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या एका मुलीनं तिची पहिली गोष्ट मला वाचायला दिली. वहीवर आधीच कुणाचं तरी लाल पेन फिरून गेलं होतं. मुंबईला गेलेला आणि परत न आलेला मुलगा, आणि त्याच्याबद्दल आजी म्हणते, "गेला. गेला त्यो गेलाच." या ओळीवर लाल रेघ, शेजारी 'द्विरुक्ती' असा शेरा, आणि वर दुरुस्ती : 'तो कायमचा निघून गेला.'

दुरुस्त केलेल्या वाक्यात व्याकरणाची चूक नाही. पण त्यातून आजी नाहीशी झाली. मूळ ओळीतला पहिला 'गेला' नुसती बातमी सांगतो. दुसरा 'गेला त्यो' म्हणत माणसाकडे बोट दाखवतो. तिसऱ्याला 'च' चिकटतो आणि तिथं आजी हात झटकते. शब्द एकच, पण तीन ठिकाणी तो तीन कामं करतो. ज्याला चूक म्हटलं गेलं ती अख्ख्या गोष्टीतली सगळ्यात कसलेली ओळ होती.

आमच्या भागात कडोली, उचगाव, बेळगुंदी अशा गावांत साहित्य संमेलनं भरतात, त्या निमित्तानं नवी मुलंमुली कथा लिहितात. त्यांच्या वह्या वाचताना वाक्यरचना आणि पुनरावृत्ती यांबद्दल मी जे पुन्हा पुन्हा सांगत आलो, ते इथे क्रमानं मांडतो. सोबत स्वतःची एक गोष्ट ठेवा, अर्धी लिहिलेली असली तरी चालेल, आणि वाचता वाचता तिच्यावर काम करा.

आधी मोठ्यानं वाचा

गोष्ट मोठ्यानं वाचा. मनात वाचलं तर डोळा पुढे पळतो आणि कानाला काही कळत नाही. वाचताना दोन रंगांच्या पेन्सिली घ्या. नकळत परत आलेल्या शब्दाखाली एक रंग, मुद्दाम आणलेल्या शब्दाखाली दुसरा. पहिल्या खेपेला सगळं पान पहिल्याच रंगानं भरतं. सगळ्यांचंच भरतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

मराठीत या नकळत पुनरावृत्तीचं एक ठरलेलं ठिकाण आहे. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. त्यामुळे भूतकाळात लिहिलं की वाक्यामागून वाक्य एकाच शब्दावर आपटतं. हा उतारा बघा :

'घरात अंधार होता. कोपऱ्यात माग होता. बाबा मागावर बसले होते. आई कांड्या भरत होती. बाहेर पाऊस पडत होता.'

पाच वाक्यं, पाच होता-होती. वाचणाऱ्याच्या कानावर ठक ठक तेवढं पडतं, चित्र दिसत नाही. मराठीत यावर सोपा उपाय आहे, कारण आपल्याला 'आहे' आणि 'होता' गाळता येतात आणि तरी वाक्य उभं राहतं :

'घरात अंधार. कोपऱ्यात माग, मागावर बाबा, हात मांडीवर. आई कांड्या भरत होती. बाहेर पाऊस.'

चार 'होता' गेले आणि एक 'होती' उरली. ती उरली म्हणूनच कळतं, की त्या घरात काम करणारे हात फक्त आईचे आहेत. वीज नसली तर यंत्रमाग चालत नाही, पण रहाटावर सुताच्या कांड्या भरता येतात. वडगाव, खासबाग, शहापूर भागातल्या विणकरांच्या घरात वाढलेल्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. इतरांना ते वाक्याच्या रचनेतून कळायला हवं, आणि कळतं.

तुमच्या गोष्टीत लागोपाठ तीन वाक्यं एकाच क्रियापदावर संपत असतील तर तिथं थांबा. त्यातलं कुठलं क्रियापद खरंच काही करतं ते शोधा. तेवढं ठेवा. बाकीची गाळा, किंवा 'ऊन', 'ताना', 'ल्यावर' लावून शेजारच्या वाक्याला जोडा.

वाक्याचं पहिलं टोक

आता मुद्दाम करायच्या पुनरावृत्तीकडे येऊ. वाक्यं एकाच शब्दानं किंवा शब्दसमूहानं सुरू करायची, याला पाश्चात्त्य वक्तृत्वशास्त्रात ॲनाफोरा म्हणतात. नाव लक्षात राहिलं नाही तरी बिघडत नाही. 'पहिली माझी ओवी', 'दुसरी माझी ओवी' म्हणत दळणाऱ्या बायकांना ते नाव माहीत नव्हतं. सुरुवात पक्की ठेवायची आणि पुढे कधी देव, कधी आई, कधी भाऊ आणायचा, ही रीत त्यांच्या हातात जात्याच्या खुंट्याइतकी घट्ट बसली होती.

मागाच्याच घरात राहू. एका मुलानं पहिल्या खर्ड्यात असं लिहिलं होतं :

'करंट गेल्यावर माग बंद पडत असे. त्यामुळे बाबांना काम नसे. आई मात्र त्या वेळी आमच्याशी गप्पा मारत असे, म्हणून मला करंट गेलेला आवडे.'

मजकूर चांगला आहे, पण 'त्यामुळे', 'मात्र', 'म्हणून' हे तीन शब्द वाचकाचा हात धरून त्याला ओढत नेतात. मी त्याला म्हटलं, हे तिन्ही काढ आणि प्रत्येक वाक्य 'करंट गेला की' पासून सुरू कर. दुसरा खर्डा असा आला :

'करंट गेला की माग थांबायचा. करंट गेला की बाबा बाहेर कट्ट्यावर जाऊन बसायचे. करंट गेला की आई आमच्याशी बोलायची.'

पहिल्या वाक्यात यंत्र, दुसऱ्यात बाप, तिसऱ्यात आई. तिसऱ्या वाक्यापर्यंत वाचक तोट्याचीच यादी धरून बसलेला असतो, आणि तिथं अचानक सुख येतं. 'म्हणून मला आवडे' हे सांगायची गरजच उरत नाही. क्रम बदलून बघा, आईला पहिल्या वाक्यात आणा. सगळं सपाट होतं. त्यामुळे पहिलं टोक ठरलं की लगेच दुसरं काम हाती घ्या : पुढची वाक्यं कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून खालीवर करा. ज्या वाक्यानं वाचकाची समजूत बदलते ते शेवटी जाईल.

त्या मुलानं पुढे स्वतःहून एक ओळ घातली :

'त्या दिवशी करंट होता. माग थांबला.'

वाचताना माझ्या अंगावर काटा आला. तीनदा 'करंट गेला की' ऐकलेल्या कानाला ही दोन छोटी वाक्यं धक्का देतात. माग थांबण्याचं दुसरं कारण काय असू शकतं ते लेखकानं लिहिलेलं नाही, आणि वाचक पान उलटतो. पुनरावृत्तीचा खरा उपयोग ती मोडण्यासाठी असतो. आधी ठेका बसवायचा, तो वाचकाच्या अंगात भिनू द्यायचा, आणि गोष्टीत जिथं काही तुटतं नेमक्या तिथं ठेकाही तोडायचा. ठेका बसायला दोनदा म्हणणं कमी पडतं. पाचदा म्हटलं तर वाचक पुढचं आधीच ओळखतो. तीन खेपा बहुतेक वेळा पुरतात.

वाक्याचं शेवटचं टोक

वाक्यांच्या शेवटी तोच शब्द आणणं म्हणजे एपिस्ट्रफी. मराठीत क्रियापदामुळे ती फुकट मिळते, आणि त्याचा त्रास आपण वर पाहिला. पण क्रियापदाच्याही मागे येणारे जे छोटे शब्द आपल्याकडे आहेत, त्यांच्या पुनरावृत्तीत मोठी ताकद आहे. 'म्हणे' घ्या :

'पोरगा पुण्यात असतो म्हणे. मोठ्या कंपनीत आहे म्हणे. तीन खोल्यांचं घर घेतलंय म्हणे. आईला दर महिन्याला पैसे धाडतो म्हणे. आई रेशनच्या रांगेत उभी होती.'

पहिला 'म्हणे' साधा, ऐकीव बातमीचा. दुसऱ्यात थोडं कौतुक. तिसऱ्यापासून शंका शिरते. चौथा उच्चारेपर्यंत बोलणाऱ्या बाईचं तोंड वाकडं झालेलं दिसतं. पाचव्या वाक्याला 'म्हणे' नाही, कारण ते डोळ्यांनी पाहिलेलं आहे. एका शब्दाच्या असण्या-नसण्यावर ऐकीव आणि खरं वेगळं झालं. कन्नडमध्ये नेमकं हेच काम 'अंते' करतो, तोही वाक्याच्या शेवटी बसून. शेजारणीकडून दोन्ही भाषांत असल्या बातम्या ऐकत मोठे झालेल्या आपल्या लेखकांचा कान इथे आधीच तयार आहे. तो वापरा.

आपल्या बोलीतला 'की' तसाच. "ये की. बस की. च्या घे की." प्रत्येक 'की' आग्रहाचा आहे. पुण्या-मुंबईचा वाचक पहिल्यांदा अडखळेल, दुसऱ्या 'की'ला त्याला समजेल, तिसऱ्याला तो आत येऊन बसेल. कंसात अर्थ देऊ नका. फक्त गोष्टीतल्या प्रत्येक पात्राच्या तोंडी 'की' घालू नका, नाहीतर सगळी एकाच आवाजात बोलायला लागतात. आग्रह करणाऱ्यालाच तो द्या.

साखळी

एका वाक्याचा शेवट उचलून पुढच्याची सुरुवात करायची. जुन्या कवितेत याचा भाऊ दामयमक आहे. तिथं एका चरणाच्या शेवटची अक्षरं पुढच्या चरणाच्या आरंभी येतात, माळेतल्या मण्यांसारखी. गद्यात अक्षरांऐवजी घटना ओवायची.

'कणकुंबीकडं तीन दिवस पाऊस लागून राहिला. पाऊस लागला म्हणून ओढा चढला. ओढा चढला म्हणून बस अलीकडंच थांबली. बस थांबली म्हणून सुईणीला बोलावणं गेलं.'

मलप्रभा जिथं उगम पावते त्या मुलखात पावसाळ्यात माणसाचा दिवस असाच एकातून एक निघत जातो, म्हणून ही रचना तिथं शोभते. कारण आणि परिणाम खरोखर एकमेकांत अडकलेले असतील तेव्हाच साखळी करा. नुसत्या लयीसाठी केली तर ती लहान मुलांच्या बडबडगीतासारखी वाजते. आणि शेवटची कडी नेहमी माणसापाशी आणा. वरच्या उताऱ्यात पाऊस, ओढा, बस यांतून आपण एका बाळंतिणीच्या दारात पोचलो, आणि गोष्ट तिथून सुरू होते.

घोषणेची लय

हे फक्त सीमाभागातल्या लेखकांसाठी, आणि मला ते मनापासून सांगायचं आहे.

आपण सगळे एका वाक्याच्या सोबतीनं वाढलो आहोत : 'बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे.' 1946 साली बेळगावच्या साहित्य संमेलनात, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असताना, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत हा भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला, आणि ही घोषणा घराघरात मुरली. तिची रचना पारखून बघा. पाच गावांची नावं, मध्ये कुठेही 'आणि' नाही. 'आणि' नसल्यामुळे नावं एकमेकांना खेटून, रांगेत खांद्याला खांदा लावून उभी राहतात. 'सह' त्यांना एका मुठीत धरतो. आणि शेवटी तो 'च'. आजीच्या 'गेलाच' मध्ये हाच 'च' आशा सोडतो, इथं तोच हट्ट धरतो.

घोषणा म्हणून ही रचना भक्कम आहे. पण ती कानात इतकी बसलेली असते की आपल्या कथांमध्ये नकळत येते. 'आमची माती, आमची भाषा, आमची शाळा, आमची माणसं' अशी ओळ मी किती वह्यांत वाचली असेल. लिहिणाऱ्याचं दुःख खरं असतं, यात मला कणभर शंका नाही. तरी त्या ओळीत चारही 'आमची' एकाच जागी उभे आहेत. पहिल्यानं जे सांगितलं तेच चौथा सांगतो. मोर्च्यात तसंच हवं असतं, कारण तिथं शेकडो माणसांना एका आवाजात बोलायचं असतं. गोष्टीतला माणूस एकटा असतो, आणि त्याच्या तोंडचा शब्द परत येताना थोडा सरकलेला असावा लागतो.

अशी ओळ सापडली की खोडू नका. तिच्या खाली एक खरी, छोटी गोष्ट लिहा. एका मुलीनं 'आमची शाळा' खाली लिहिलं : 'आम्ही शाळेत मराठी शिकलो आणि गल्लीत कन्नड. माझी भाची शाळेत कन्नड शिकते आणि गल्लीत मराठी.' शब्द तेच, जागा उलटल्या. याला कायॅझमस म्हणतात, पण तिला ते ठाऊक नव्हतं. एका पिढीत काय घडलं ते तिनं घोषणेशिवाय दोन वाक्यांत सांगितलं. ही उलटापालट फार कमी वेळा वापरा, एका गोष्टीत एकदाच. दुसऱ्यांदा आली की ती सुविचारासारखी वाटते.

जोडीनं येणारे शब्द

अभ्यस्त शब्द शाळेच्या व्याकरणात चार मार्कांसाठी पाठ केलेले असतात, आणि पुढे त्यांच्याकडे कुणी बघत नाही. कथाकारासाठी ते सोनं आहे. 'बोलताना तो थांबला' आणि 'बोलता बोलता तो थांबला' ही वेगळी वाक्यं आहेत. पहिल्यात माहिती आहे. दुसऱ्यात बोलणं वाहत होतं, आपण त्यात गुंतलो होतो, आणि ते तुटलं. 'चालत चालत' आला तो रमतगमत आला, 'चालून चालून' आला त्याचे पाय गळाले आहेत. फरक एका प्रत्ययाचा.

अर्धवट जोडीचे शब्द तर माणूस उघडा पाडतात. सासरा जावयाला विचारतो, "मग, नोकरीबिकरी बघतोस काय?" त्या 'बिकरी'नं नोकरीची, जावयाची आणि त्याच्या शिक्षणाची किंमत एका झटक्यात उतरवली. कन्नडमध्ये 'बि'च्या जागी 'गि' येतो, 'केलस-गिलस', आणि टोमणा तोच. तुमच्या संवादात 'तो तुच्छतेनं म्हणाला' असं कुठं लिहिलं असेल तर ते काढून पात्राच्या तोंडी असा एक जोडशब्द घालता येतो का बघा.

लांब वाक्य, आणि मग आखूड

'ऊन' हा प्रत्यय मराठीला मिळालेलं वरदान आहे. त्याच्या जोरावर वाक्य हवं तेवढं लांबवता येतं आणि मुख्य क्रियापद शेवटपर्यंत मुठीत ठेवता येतं :

'पहाटे उठून, चूल पेटवून, पोरांचे डबे भरून, म्हशीला वैरण टाकून, सासूच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवून, दाराला कडी लावून ती स्टँडवर आली. बस गेली होती.'

सहा 'ऊन', सहा कामं. प्रत्येक कामाला वाचकाचा श्वास थोडा थोडा खर्च होतो, आणि तीन शब्दांचं दुसरं वाक्य तो सगळा श्वास काढून घेतं. यादीतल्या एका कामाकडे लक्ष द्या : सासूच्या उशाशी पाणी. बाकीची कामं कुठल्याही घरातली आहेत, त्या एकातून हे घर आणि ही बाई दिसते. लांब वाक्यात असं एक तरी काम हवं, नाहीतर ती नुसती यादी होते. 'चूल पेटवून आणि डबे भरून आणि' असा प्रत्येक ठिकाणी 'आणि' घातला तर घाई जाऊन थकवा येतो. दमलेल्या माणसाच्या तोंडी तोही चालतो. दोन्ही लिहून वाचा, कान सांगेल.

शेवटचं वाक्य 'गेली होती बस' असंही करता येईल. क्रियापद पुढे आलं की ते तिचं स्वतःचं वाक्य होतं, तिचा सुस्कारा त्यात येतो. 'बस गेली होती' म्हणणारा लेखक लांब उभा असतो. कुठे उभं राहायचं ते आधी ठरवा, मग शब्दांचा क्रम लावा.

इतकं केल्यावर गोष्ट परत मोठ्यानं वाचा. एका पानावर उठून दिसणारी पुनरावृत्ती एकच असू द्या. दोन असतील तर कमी गरजेची काढा, ती कितीही आवडती असली तरी. ठेका लेखकाला फार लवकर आवडायला लागतो, म्हणून हे काम दोन दिवस थांबून करावं.

गोष्टभर फिरणारी ओळ

शेवटी सगळ्यात अवघड काम : एक ओळ अख्ख्या गोष्टीत तीनदा आणायची, मध्ये पानंच्या पानं सोडून. भजनातलं ध्रुपद थोड्या थोड्या वेळानं येतं, टाळकरी त्याची वाट बघत असतात. कथेत वाचकाला ती ओळ जवळजवळ विसरू द्यावी लागते. म्हणून ती साधी हवी, रोजच्या बोलण्यातली. सजवलेली ओळ पहिल्याच वेळी लक्षात राहते आणि दुसऱ्यांदा आली की लेखकाचा हात दिसतो.

त्या खानापूरच्या मुलीच्या गोष्टीत अशी ओळ आधीपासूनच होती, तिचं तिलाच ती दिसली नव्हती. पहिल्या पानावर रात्री आई दार लावायला जाते आणि आजी अंथरुणातून म्हणते, "कडी नको लावू." कारण सांगत नाही. पुढच्याच पानावर 'गेला त्यो गेलाच' आहे, तेव्हा वाचक दोन्ही जोडून बघतो. तोंडानं आशा सोडलेली ही म्हातारी दार मात्र उघडं ठेवते. मधल्या भागात गावात चोऱ्या होतात, बाप चिडून कडी घालतो, आणि आजी तेच म्हणते, या वेळी जरा मोठ्यानं. शेवटी आजी नसते. तेराव्याचे पाहुणे गेलेले, धाकटी नात दार लावायला उठते, आणि आई भांडी घासता घासता म्हणते, "कडी नको लावू."

ती ओळ तिथं आणल्यावर मुलीनं खाली आणखी एक वाक्य जोडलं होतं : 'आईच्या रूपात जणू आजीच बोलत होती.' मी तिला एवढंच विचारलं, की हे कुणासाठी लिहिलंस? ती बराच वेळ वहीकडे बघत बसली. मग पेन्सिल घेऊन तिनं ते वाक्य खोडलं, आणि दुसऱ्या पानापर्यंत मागे जाऊन लाल रेघेखालची आजीची ओळ, जशी होती तशी, पुन्हा नीट अक्षरात लिहून काढली.